ऊती कोणाच्या, संमती कोणाची?



गरोदर बाईला डॉक्टर गोळ्या लिहून देतात. त्या गोळ्यांच्या पत्रकात बहुधा एक वाक्य असते: गरोदरपणातील सुरक्षिततेबाबत पुरेशी माहिती उपलब्ध नाही. वस्तीतल्या आरोग्य शिबिरात पाकिटे उघडताना आम्ही हे वाक्य कितीतरी वेळा वाचले आहे. आमच्या आयाबहिणींना ते कोणी वाचून दाखवत नाही. पत्रक इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढे!

ही माहिती का नाही? याचे उत्तर थॅलिडोमाइडपासून सुरू होते. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध बाजारात आले आणि गरोदर बायकांना मळमळीवर दिले गेले. १९६१च्या अखेरीस ते मागे घेतले, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक मुले हातपाय अर्धवट घेऊन जन्मली होती. पुढे गाभण उंदरांना तेच औषध देऊन पाहिले, तर पिल्लांमध्ये तसे व्यंग फारसे दिसेना. सशांत मात्र दिसले. सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनात उंदीर आणि माणूस यांच्यात किंचित फरक आहे, तेवढ्याने सगळा घोटाळा. म्हणजे उंदीर पास झाला तरी बाई नापास होऊ शकते.

मग व्यवस्थेने काय केले? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांतूनच वगळा असे सांगितले. हा नियम १९९३पर्यंत चालला. संरक्षणाच्या नावाखाली बहिष्कार! ही रीत आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. बाई चाचणीत नाही, पण औषध बाजारात आले की ते खाणार तीच. म्हणजे चाचणी होतेच, फक्त ती घराघरांत होते आणि तिची नोंद कुठे राहत नाही.

आता दुसरी वाट निघाली आहे. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर औषध तपासायचे. २०१७ साली अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टेरेसा वुडरफ यांच्या गटाने ‘इव्हाटार’ तयार केले. बीजांडकोश, बीजवाहिनी, गर्भाशयाचे अस्तर, गर्भाशयाचे तोंड आणि यकृत यांच्या ऊती छोट्या कप्प्यांत ठेवून एकाच द्रवाने जोडल्या आणि २८ दिवसांचे पाळीचे चक्र त्या डबीत चालवून दाखवले. २०१८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी वारेच्या पेशींचे इवले गोळे वाढवले. भारतानेही मार्च २०२३ मध्ये औषध चाचणी नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी अशा मानवी पेशींच्या पद्धतींना जागा दिली.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, हे श्रीमंतांचे विज्ञान, आपला काय संबंध? आम्ही त्यांना खम्मम दाखवतो. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे हजारो मुलींना एचपीव्ही लस दिली गेली, त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेकींच्या संमतीपत्रावर वसतिगृहाच्या वॉर्डनने सही केली. संसदेच्या स्थायी समितीने २०१३च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. शरीर आपले आणि सही दुसऱ्याची, असे जिथे चालते तिथे डबीतल्या ऊतींवर आधी चाचणी व्हावी, ही मागणी आपली नाही तर कोणाची? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाची बाजू घेतली आणि १९३८ साली त्यांचा संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी विधिमंडळात मांडला. बाईचे गर्भाशय हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांना तेव्हाच दिसले होते.

पण आमचा पाठिंबा बिनशर्त नाही. ‘इव्हाटार’मधील बीजांडकोश उंदराचा होता, कारण स्त्रीचा निरोगी बीजांडकोश सहसा कोणी काढत नाही. बाकीच्या प्रजनन ऊती शस्त्रक्रियेत गर्भाशय काढलेल्या बायकांच्या. आता बीड आठवा. २०१९ साली सरकारी समितीसमोर आकडा आला: तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले. पाळीमुळे कोयता थांबू नये, खाडा पडू नये, म्हणून! ज्या देशात गर्भाशय इतक्या सहज निघते, तिथे उद्या त्याच्या ऊतींना भाव आला तर काय होईल? हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिला न विचारता ठेवून घेतल्या. त्यांवर जगभर संशोधन आणि धंदा झाला. तिच्या वारसांना एका कंपनीकडून तडजोड मिळवायला २०२३ साल उजाडले.

आणखी एक. खात्यापित्या बाईच्या पेशी डबीत मजेत वाढतात. आमच्या वस्तीतली बाई रक्त कमी असताना, अर्धपोटी, टीबीच्या गोळ्या घेत नऊ महिने काढते. तिचे शरीर त्या डबीत कुठे आहे?

आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, पण तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. म्हणून फार्मसी, नर्सिंग, मायक्रोबायॉलॉजी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमची विनंती: आपल्या महाविद्यालयाच्या नैतिकता समितीवर कोण बसते ते विचारा. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे संमतीपत्र मराठीत आहे का, काढलेल्या ऊतींचे पुढे काय होते हे त्यात लिहिले आहे का, ते पाहा. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मसुदा आम्ही तयार केला आहे, मागेल त्याला पाठवतो.