भानामतीच्या मुलखात चेटकिणीची बेकरी

दुबलगुंडी, ता. हुमनाबाद, जि. बीदर

चि. सोनूस,

पुस्तकांबद्दल मामाचं मत हवं होतं ना, ते घे. फ्रीडा मॅकफॅडनची ‘द हाउसमेड’ हातातून सुटत नाही हे खरं. श्रीमंतांच्या घरी कामाला राहिलेली मिली, माळ्यावरची खोली आणि त्या खोलीला कडी बाहेरून. एवढ्या भांडवलावर बाईने पानं उलटायला लावली आहेत. पण उलगडा कळला की पुस्तक पुन्हा उघडायचं कारण उरत नाही. केइगो हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ वेगळ्या जातीचं आहे. मूळ जपानी पुस्तक २००५ चं. खून सुरुवातीलाच वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो. छळायला आलेला माजी नवरा यासुको आणि तिच्या मुलीच्या हातून मरतो आणि शेजारचा गणिताचा मास्तर इशिगामी ते सगळं निस्तरायला पुढे येतो. पोलिसांना जे शोधायचंय ते वाचकाला आधीच ठाऊक असतं, आणि तरी शेवटी वाचकच फसतो. मामाने जन्मभर मास्तरकीच केली, तेव्हा तो इशिगामीकडे जरा जास्त झुकला असेल, तेवढं वजा करून घे.

पेच घातला तो तिसऱ्या पुस्तकाने. बेली केट्स यांचं ‘ब्राउनीज अँड ब्रूमस्टिक्स’, २०१२ चं. अमेरिकेतल्या सव्हाना शहरात केटी लाइटफूट ही मुलगी नात्यातल्या एका जोडप्याबरोबर बेकरी काढते आणि आपण चेटकीण आहोत हे तिला तिथे कळतं. तिची जादू म्हणजे कुठल्या पदार्थात कोणता औषधी पाला घालावा याची जाण. पुढे खून होतो, संशय घरच्याच माणसावर येतो, आणि पुस्तकं वाचायच्या निमित्ताने जमणारं बायकांचं मंडळ (त्याही चेटकिणीच) तपासाला मदत करतं. ज्युलिएट ब्लॅकवेल यांच्या मालिकेतल्या चेटकिणीचं सॅन फ्रान्सिस्कोत जुन्या कपड्यांचं दुकान आहे आणि सोबतीला एक पाळीव डुक्कर. संगू मंदण्णा या मूळच्या भारतीय लेखिका, इंग्लंडमध्ये राहतात. त्यांच्या २०२२ च्या कादंबरीत भारतात जन्मलेली मीका मून तीन लहान चेटकिणींना शिकवायला एका आडबाजूच्या घरी जाते. तिथे खून वगैरे नाही, प्रेमप्रकरणच जास्त.

या सगळ्यांची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. १९३० मध्ये आलेल्या मार्पलच्या पहिल्या कादंबरीत खून पाद्र्याच्या घरात होतो आणि शोध लागतो तो विणकाम करता करता शेजाऱ्यापाजाऱ्यांवर डोळा ठेवणाऱ्या म्हातारीला. रक्ताचं वर्णन टाळायचं, गाव लहान घ्यायचं, शेवटी सगळं पूर्ववत करून द्यायचं, असा हा शिरस्ता. आताच्या लेखिकांनी त्यात मंत्र, मांजर आणि चहा घातला.

पुण्यात बसून हे वाचणं वेगळं आणि दुबलगुंडीत बसून वाचणं वेगळं.

रहस्यकथेचं इथे कुणाला नवल नाही. उलट सीमेवरच्या माणसाला ती तीन-तीन भाषांत मिळाली. निजामाच्या राज्यात ज्यांचं शिक्षण उर्दूत झालं, त्या पिढीला इब्ने सफी वाचता येत होते. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली आणि ते पाकिस्तानात गेल्यावरही कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद इकडे वाचले जात राहिले. कन्नडात एन. नरसिंहय्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम होता. लेखकाचं शिक्षण जेमतेम प्राथमिक शाळेतलं, आणि कादंबऱ्या शेकड्यांनी. राजकुमारच्या ज्या ‘बंगारद मनुष्य’ सिनेमाने लोकांना वेड लावलं, त्याची मूळ कादंबरी लिहिणारे टी. के. रामराव यांचा खरा हातखंडा रहस्यकथेतच. आणि मराठीत बाबुराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६ चा, पुस्तकं हजाराच्या वर. झुंजार आणि विजया, धनंजय आणि छोटू, काळापहाड यांना मराठी समीक्षकांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, पण लोकांना वाचायची सवय त्यांनीच लावली, हे समीक्षकांच्या गावीही नसावं. पुढे सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंद आले. आज ‘दुनियादारी’मुळे शिरवळकर माहीत असलेल्या तुझ्या मित्रमंडळींनी दारा बुलंद वाचून बघावा. मॅकफॅडनपेक्षा वेगात तो तसूभरही कमी नाही.

यांच्यापैकी कुणाच्याही पुस्तकात चेटकीण शेजारीण म्हणून भेटत नाही. मराठीत जादू आली ती भीती घेऊनच. नारायण धारपांच्या समर्थांच्या गोष्टी घे. समर्थ सज्जन, सोबतीला अप्पा, घरं मध्यमवर्गीय, बोलणं शांत. गोष्टीचा अर्धा भाग अगदी उबदार असतो. पण ज्याच्याशी समर्थ लढतात ते अमंगळ बाहेरून आलेलं असतं आणि त्याच्याशी समेट नाही. धारपांच्याच एका कथेतून ‘तुंबाड’ सिनेमाचं बीज निघालं आणि तिथली आजी कशी आहे हे तू पाहिलंस. रत्नाकर मतकरींची ‘खेकडा’ दिवसाउजेडी वाचली तरी पोटात गोळा येतो. त्याच मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं आणि चिंची चेटकिणीला पाहून मराठी पोरं खो-खो हसली. ती भूमिका आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ मध्ये नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगल्यांनी. चेटकीण लोभस झाली ती मुलांच्या नाटकात, आणि तीही पुरुषाने लुगडं नेसून केली तेव्हा. मोठ्यांच्या पुस्तकात तिला जागा नव्हती.

मामाच्या मते याचं कारण कल्पनाशक्तीत शोधू नये. ज्या समाजात बाईला खरोखर चेटकीण ठरवतात, तिथे चेटकिणीची बेकरी लिहिणं अवघड जातं. अमेरिकेलाही हे काही एका दिवसात जमलं नाही. १६९२ मध्ये सेलेममध्ये १९ जणांना चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. आज त्याच सेलेममध्ये ‘बिविच्ड’ या जुन्या टीव्ही मालिकेतल्या हसऱ्या चेटकिणीचा पुतळा आहे, २००५ मध्ये बसवलेला. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. दोषी ठरलेल्यांतली शेवटची बाई, एलिझाबेथ जॉन्सन, कायद्याने निर्दोष ठरली ती मात्र २०२२ मध्ये. म्हणजे पुतळा आधी आणि न्याय नंतर. असली पुस्तकं वाचताना हे मनातून जात नाही.

आपल्याकडे तर तेवढं अंतरही पडलेलं नाही. मराठीत भानामती, कन्नडात बाणामती. बीदर-कलबुर्गीपासून मराठवाड्यापर्यंत हिचा मुलूख. तू शहरात वाढलीस म्हणून सांगतो. घरावर दगड पडतात, दोरीवरची लुगडी पेट घेतात, अंगावर फुल्या उमटतात, जेवणाच्या ताटात घाण सापडते. कुठे कुठे बायका एकदम कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात, एकीचं ऐकून दुसरी. मग ‘कुणी केलं’ हा प्रश्न येतो आणि बोट बहुधा विधवेकडे, एकट्या राहणाऱ्या बाईकडे किंवा ज्याच्याशी बांधाचं भांडण आहे त्या घराकडे जातं. मारझोड होते, दात पाडतात, गाव सोडायला लावतात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात एखादी व्यक्ती करणी करते असं भासवून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा ठरला. तो कायदा यायला त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. कर्नाटकाचा कायदा २०१७ चा, अमलात आला २०२० मध्ये.

पण मामाला लिहायचं होतं ते पुढचं. दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते भानामतीच्या घरी जातात तेव्हा तिथे जे करतात ती अस्सल हेरगिरी असते. आधी घटनांची यादी: काय झालं, किती वाजता, कोणत्या खोलीत, तेव्हा घरात कोण कोण होतं. मग घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलणं. अंगावरच्या फुल्या बिब्ब्याच्या तेलाने उठतात, एवढं गावातली कुठलीही म्हातारी सांगेल. लुगडं पेटायला काडेपेटी पुरते. माणसाच्या हाताशिवाय यातलं काही होत नाही हे एकदा धरलं की संशयितांची यादी घराच्या चार भिंतींत येते. ख्रिस्तीनेही वाड्याचे दरवाजे याचसाठी बंद केले होते.

आणि हात सापडतो तो बऱ्याचदा अशा माणसाचा, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही. मनाविरुद्ध लग्न ठरलेली मुलगी, सासुरवासाने पिचलेली सून, शाळेतून काढून कामाला जुंपलेला पोरगा. भुंकणाऱ्या बाईचंही तसंच. ती ढोंग करते असं म्हणून चालत नाही, तिच्या मनाचा ताण त्या वाटेने बाहेर पडतो. म्हणून कार्यकर्ते तिचं किंवा त्याचं नाव जाहीर करत नाहीत. कबुली घेतात, धीर देतात, घरच्यांना चार गोष्टी समजावतात, लागलं तर मानसोपचाराची सोय करतात. प्रकार थांबतात. गावाला कळतं ते एवढंच की करणी वगैरे काही नव्हतं, आणि जिच्याकडे बोट दाखवलं होतं ती बाई सुटते.

आता याची कादंबरी करायची तर पंचाईत बघ. लहान गाव आहे, बंद घर आहे, चतुर शोध आहे, रक्त नाही, शेवटी घडी बसते. मिस मार्पलला लागतं ते सगळं हजर. पण मिस मार्पल शेवटी गुन्हेगाराचं नाव सांगते, आणि इथे नाव न सांगण्यावरच सगळी भिस्त. मामाने बराच विचार केला. ख्रिस्तीच्या साच्यात ही गोष्ट बसायची नाही, हिगाशिनोच्या बसेल. काडी कुणी ओढली ते वाचकाला पहिल्या प्रकरणात दाखवून टाकायचं. मग देवऋषी येऊ दे, पोलिस पाटील येऊ दे, शेजारच्या विधवेच्या दारात जमाव येऊ दे. वाचकाला एकच घोर: ती सून तोंड उघडेल का, आणि कधी. कार्यकर्ती बाई असावी, लातूरकडची, कन्नड मोडकंतोडकं बोलणारी. उर्दूत बोलावं लागेल असा एक तरी प्रसंग हवाच, नाहीतर ती बीदरची गोष्ट वाटणार नाही.

मराठीत किंवा कन्नडात हे कुणी लिहिलेलं तुझ्या पाहण्यात असेल तर नाव कळव. नसेल तर तुझ्या त्या लिहिणाऱ्या मैत्रिणीला सांग. बिब्बा कसा उततो इथपासून सगळी माहिती मामा पुरवेल. मामी तुझी वाट बघते. तुरी निघाल्या की ये.

तुझा,
मामा