तेरची संध्याकाळ आणि इतिहासावरचा हक्क

"पोरांना शिष्यवृत्ती मिळेना आणि तुम्ही सहली कसल्या काढता?" हा प्रश्न मला आमच्याच कार्यकर्त्यांकडून ऐकावा लागतो. मोर्चा, निवेदन, अर्ज ही खरी कामं आणि लेणी-किल्ले बघणं ही चैन, असा समज चळवळीत आहे. या समजाला माझा विरोध आहे.

१९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत समाजबांधव चहाला थांबवत होते, पण अंधार पडायच्या आत दौलताबादचा किल्ला बघायचा म्हणून मंडळी चहा न घेताच पुढे गेली. किल्ल्याजवळच्या हौदावर त्यांनी धुळीनं माखलेले हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून ओरड झाली. गोलमेज परिषदेत बोलून आलेल्या माणसाला किल्ला बघू दिला तो हत्यारबंद शिपाई सोबत देऊन, आत कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून. ओरडणारे मुसलमान होते. अस्पृश्यता एका धर्मापुरती थांबत नाही, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं. दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आपला जिल्हाही त्याच राज्यात होता.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांची नावं घेऊन भेदभावाला बंदी घातली आहे. ही यादी अशाच अनुभवांतून आली आहे. मग ज्या जागांसाठी एवढं सोसलं, तिथं आपली पोरं पाऊलही ठेवत नसतील तर तो हक्क कागदावरच राहिला.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी वस्तीवरच्या अभ्यासिकेतल्या बावीस मुलामुलींना घेऊन एसटीनं तेरला गेले. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर म्हणून येतं. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पोरांनी मणी, मातीच्या मूर्ती बघितल्या. हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती बघून तर ती हललीच नाहीत. तिच्याशी जुळणारी मूर्ती इटलीत पाँपेईला १९३८ साली सापडली. बाहेर नळावर सगळी पाणी प्यायली. जात कुणी विचारली नाही.

ऊन उतरल्यावर त्रिविक्रम मंदिराकडे गेलो. मंदिर विटांचं, मागची बाजू अर्धगोल, वरचं छत गजपृष्ठाकार. घडण चैत्यगृहाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स यांनी हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं मत मांडलं. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही, पण तेरच्या उत्खननात विटांचा स्तूपही मिळाला आहे. तिथं बसलेले एक आजोबा म्हणाले, "राजानं बांधलंय, लई जुनं हाय." नववीतल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, "ताई, राजानं विटा भाजल्या व्हय?"

समाजशास्त्राच्या वर्गात दोन वर्षांत इतका नेमका प्रश्न मी ऐकला नव्हता. चिखल कुणी तुडवला, भट्टी कुणी लावली, सूत कुणी कातलं, गाड्यांवर गाठी कुणी चढवल्या? तेर हे गोरोबा काकांचं गाव. संत म्हणून त्यांच्यापुढे सगळे हात जोडतात, पण मातीत राबणाऱ्यांचा इतिहास म्हणून या नगराकडं बघायला कुणी शिकवत नाही. सहलीत राजा आणि देव दाखवतात, कारागीर मात्र दाखवत नाहीत. बुद्धही थराखाली दबलेला राहतो.

मेक्सिको सिटीत स्पॅनिशांनी अ‍ॅझटेकांचं महामंदिर पाडून शेजारी कॅथेड्रल उभं केलं. १९७८ साली वीज खात्याच्या कामगारांना खोदताना मोठी कोरीव शिळा लागली आणि तिथं रीतसर उत्खनन सुरू झालं. आज कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालते आणि लगतच मंदिराचे अवशेषही लोक बघतात. एकामुळं दुसरं बंद पडलं नाही.

आमचंही म्हणणं एवढंच आहे. त्रिविक्रमाची पूजा चालू राहो, तिच्याशी आमचा तंटा नाही. पण शाळेची सहल तेरला गेली तर मुलांना चैत्याचं मत आणि त्यावरचा वाद दोन्ही सांगा, स्तूपाबद्दल सांगा, विणकरांबद्दल सांगा. कुणी सांगणार नसेल तर आपल्या अभ्यासिकांनी स्वतःच वाटाडे तयार करावेत. एसटीचं भाडं आणि एक संध्याकाळ, एवढाच खर्च आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळीही भरता येतो, आणि आपले पूर्वज काय घडवत होते हे कळलेलं पोर तो अर्ज मान वर करून भरतं.

जय भीम!