बोलायचं कसं?

आमच्या गोव्यात दुखण्यांची चर्चा मोकळेपणी चालते. देवळाच्या सभामंडपात चार जण टेकले की कोणाची शुगर किती, कोणाला स्टेंट कधी घातला, सगळं दहा मिनिटांत कळतं. (२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. विषयांना तोटा नाही!) फक्त एका दुखण्याचं नाव कोणी काढत नाही. लिंगाला ताठरता न येणं. त्यावर जत्रेतल्या नाटकात विनोद होतात, आणि औषध मिळतं बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडे.

माझ्या एका मित्राची अँजिओप्लास्टी झाली. बरा झाल्यावर मला म्हणाला, "अरे, तो त्रास तीन वर्षांआधीपासून होता. वय झालं म्हणून गप्प बसलो." बायकोला वाटत होतं, याचं आपल्यावरचं मनच उडालं. तीही गप्प.

गंमत बघा, यात मोठं गूढ काहीच नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. मधुमेह, रक्तदाब, सिगारेट यांनी वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, ते सगळ्या अंगभर. मग बारीक नळी आधी तक्रार करणार, हे प्लंबरही सांगेल. पुष्कळांच्या बाबतीत छातीत दुखू लागण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी हा त्रास सुरू झालेला असतो. दरवेळी कारण हेच असतं असं नाही. चिंता, नैराश्य, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मधुमेहाने दुखावलेल्या नसा, यांनीही तसं होतं. पण चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं, आणि डॉक्टरांना खरं कारण सांगून घ्यावं.

आता ती प्रसिद्ध निळी गोळी. सिल्डेनाफिल मुळात अंजायनावर, म्हणजे हृदयाच्याच दुखण्यावर, आजमावून पाहिलं होतं. तिथे फारसं जमलं नाही, पण भलताच गुण दिसला! १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शरीरातला ज्या नायट्रिक ऑक्साइडच्या जोरावर ते चालतं, त्याच्या शोधाला नोबेलही त्याच वर्षीचं.

ही गोळी वाहिन्या सैल करते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटही तेच करते. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर निदान चोवीस तास आणि टाडालाफिलनंतर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देत नाहीत. म्हणून छातीत दुखतं म्हणून कॅज्युअल्टीत नेलेल्या पुरुषाला डॉक्टर विचारतात, "तसली गोळी घेतली होती का?" तेव्हा खाटेशेजारी मुलगा उभा असतो, सून उभी असते. अशा वेळी त्यांनी आपण होऊन जरा बाहेर जावं. आणि पेशंटने 'हो' असेल तर 'हो' म्हणावं, कुठली गोळी आणि किती वाजता घेतली तेही सांगावं.