पर्वती उतरताना

पुण्यात राहून पर्वती चढला नाही असा माणूस विरळा. पण आपण पर्वती उतरलो, असे कौतुकाने सांगणारा मला अजून भेटायचा आहे. किती मिनिटांत चढलो, धाप लागली की नाही, याच्या गोष्टी घरोघर चालतात. उतरणे कोणाच्या खिजगणतीत नसते. त्याची किंमत मला माझ्या उजव्या गुडघ्याने शिकवली.

कॉलेजातल्या बॅडमिंटनच्या सामन्यात गुडघा पिळवटला आणि आतला पुढचा अस्थिबंध तुटला. मांडीचे हाड आणि नडगी यांना एकत्र धरून ठेवणारी ही सव्वा-दीड इंचाची दोरी. तुटली की सहसा आपणहून सांधत नाही. म्हणून शल्यविशारदांनी माझ्याच मांडीमागच्या स्नायूच्या कंडरा काढल्या, हाडांत बोगदे पाडले आणि त्यांतून नवी दोरी ओवली. त्यांचे काम तास-दोन तासांचे. पुढचे महिने रोग्याचे!

यातली गंमत अशी, की ही नवी दोरी पहिल्या दिवशी असते तितकी बळकट दोन महिन्यांनी राहत नाही. तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि या घालमेलीत ती सर्वांत दुबळी होते. नेमकी त्याच सुमारास सूज ओसरते, कुबड्या कोपऱ्यात जातात आणि भेटायला आलेली मंडळी म्हणतात, "वा, बरे झालात की!" दुखते तोवर गुडघा स्वतःची राखण करतो, दुखणे थांबले, की ती राखण आपल्याकडे येते.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांच्या संमतीने मी पर्वतीला गेलो. पायऱ्या 103, दगडी आणि ऐसपैस. बेताबेताने चढलो. वर देवदेवेश्वराचे देऊळ. नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलेले. पानिपतचा घाव घेऊन 1761 च्या जून महिन्यात त्यांनी इथेच देह ठेवला. 5 नोव्हेंबर 1817 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथूनच खडकीची लढाई पाहिली, आणि बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. पेशवाईची चढती कमान दाखवणाऱ्या या टेकडीने तिची उतरणही पाहिली आहे.

आता माझी उतरण सुरू झाली. चढताना मांडीचा स्नायू आखडत भार उचलतो. उतरताना त्याला लांबत लांबत तोच भार पेलून धरावा लागतो. हे दुसरे काम कठीण, आणि माझी मांडी तर हाताच्या वितीला कळेल इतकी बारीक झालेली. तिसऱ्याच पायरीवर गुडघा थरथरला. पन्नास-पन्नास मिनिटे उभे राहून शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा; ही दोरी पुन्हा तुटली तर पुढे काय, या विचाराने मी कडेला थिजून उभा राहिलो.

शेजारून नऊवारीतल्या एक आजी आडव्या होऊन उतरत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आधी दुखरा पाय खाली टाक, बाळा. चांगल्याने वर थांबून भार धरायचा. चढताना याच्या उलट. मी माझे गुडघे अशीच उतरवते रोज."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हेच मला चित्र काढून दाखवले होते. पण पटले ते त्या पायरीवर. घरातही असेच असते. दुखरे माणूस आधी जपून खाली टेकते, आणि त्याचा भार धरून धडधाकट माणूस मागे उभे असते. चार महिने माझ्या घरात हेच चालले होते. रात्री तीनदा उठून बर्फाची पिशवी बदलणारी माझी पत्नी या हिशेबात कुठे होती, ते मला तेव्हा उमगले.

दोन्ही पाय एका पायरीवर आणीत मी खाली पोचलो. पळायला नऊ महिन्यांच्या आत परवानगी नाही. तोवर दर रविवारी पर्वती ठरली आहे. चढायला सोबत नको. उतरताना मात्र पत्नीला एक पायरी मागे ठेवून, मध्ये दोनदा बसून, खालचे पुणे पाहत यायचे.