पिवडी की बदामी?

काळ्या-पांढऱ्यातून एक निवडायला कोणालाही जमते. माणसाचा खरा जीव खातात ते सख्खे रंग. पिवडी आणि बदामी हे त्यांतले. चुन्यात पिवडी कालवली की पिवळा रंग होतो, त्यातच थोडा गेरू पडला की बदामी. बरे, गेरूही काही परका नव्हे. पिवळी माती तापवली की तिच्यातले पाणी उडून ती तांबडी होते. दोन्हींत रंग लोखंडाच्या गंजाचाच! अजिंठ्याच्या चित्रकारांनी हीच पिवळी-तांबडी माती वापरली आणि ती दीड हजार वर्षे टिकली. तेव्हा या रंगांना कोणी गावंढळ म्हणू नये.

आमचे तीर्थपुरीचे घर माळवदाचे, मातीच्या भिंतींचे. धाकट्याच्या मनात प्लास्टिक पेंट होता. पण तसल्या रंगाखाली मातीची ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. एवढा वाद चटकन मिटला. अडले ते आईच्या खोलीपाशी.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आई घरी आली आणि दारातच म्हणाली, “माझ्या खोलीचा रंग कोणी बदलला?” कोणीच बदलला नव्हता. नाना होते तेव्हापासून तिथे पिवडी होती. आई म्हणे, बदामी! मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट-तपकिरी होत जाते. इतके हळूहळू, की माणसाला पत्ता लागत नाही. आता तिच्या एका डोळ्याला पिवडी दिसे, दुसऱ्याला बदामी.

“दुसरा डोळा राहू द्या,” ती म्हणाली. “नाना होते तेव्हाची खोली यातच आहे.”

यावर डॉक्टर तरी काय बोलणार?

रंगाऱ्याने भिंतीवर पट्टे ओढले. ओला चुना फसवा, सुकल्यावर फिकटतो; म्हणून प्रत्येक पट्ट्याला एक दिवस दिला. पिवळ्या दिव्याखाली सारे पट्टे जुळे भाऊ दिसत. म्हणून निवाडा सकाळी, झरोक्याच्या उजेडात. आई डावा डोळा हाताने झाकून पाही आणि मान हलवी. रंगारी चिमूट-चिमूट गेरू वाढवी. असे चार दिवस चालले. आम्हां भावांना दुसरा आणि तिसरा पट्टा काही वेगळा ओळखू येईना.

पाचव्या सकाळी ती चौथ्या पट्ट्यापाशी थांबली. हाताने भिंत चाचपली.

“हीच माझी खोली,” ती म्हणाली. “डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या डोळ्याला कधी येऊ?”