शून्य मैलापासून दक्षिणेला

नागपूरच्या झिरो माइलवर लोक येतात ते फोटोसाठी. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे, जवळच मेट्रोचं चकचकीत स्टेशन. ‘भारताचा मध्यबिंदू’ म्हणून खांबाशेजारी उभं राहायचं, फोटो काढायचा आणि तर्री पोहे खायला निघायचं. मध्यबिंदूची गोष्ट ऐकायला झकास आहे, पण १९०७ साली हा दगड इथे बसवला गेला तो वेगळ्याच कामासाठी. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही उंचीची प्रमाण खूण. समुद्रसपाटीपासून तिची उंची १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हाच्या पुढचे तीन आकडे नीट पाहावेत. शेकडो मैल दूर असलेल्या समुद्रापासून पट्ट्या आणि दुर्बिणी घेऊन टप्प्याटप्प्याने चालत आलेल्या माणसांनी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब लावला होता.

माझ्या फोनमध्ये ‘जीपीएसटेस्ट’ नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे. दिसायला रूक्ष, पण प्रवासात कमालीचं करमणुकीचं. डोक्यावर या क्षणी कोणते उपग्रह आहेत, अमेरिकेचे किती, युरोपचे किती, रशियाचे किती, आपल्या ‘नाविक’चे दिसतात का, हे ते आकाशाच्या गोल नकाशावर दाखवतं. उंचीचे मात्र ते दोन आकडे देतं. इथे पहिला आकडा दगडाच्या जवळपास जातो. दगडावरचे फूट म्हणजे सुमारे ३११ मीटर. दुसरा आकडा त्याहून पन्नासेक मीटरांनी नव्हे, त्याहूनही जास्त खाली असतो. नवखा माणूस म्हणेल, अ‍ॅप बिघडलं. पण दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेला. दुसरा उपग्रहांच्या गणितासाठी मानलेल्या गुळगुळीत, काल्पनिक पृथ्वीपासून. खरी पृथ्वी गुळगुळीत नाही. तिचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही, म्हणून समुद्राची पातळीही त्या काल्पनिक गोलाशी जुळत नाही. या पातळीतला जगातला सर्वांत खोल खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे, शंभर मीटरांहून खोल. त्याचा उतार पार विदर्भापर्यंत जाणवतो. ट्रेकला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. उंची दाखवणारं अ‍ॅप घेताना ते समुद्रसपाटीची दुरुस्ती करतं का, हे आधी पाहावं. नाहीतर कळसूबाईवर उभं राहूनही आकडा कमीच दिसायचा.

झिरो माइलपासून हाकेच्या अंतरावर सीताबर्डीची टेकडी. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज इथे भिडली आणि नागपूरच्या राज्यावर इंग्रज रेसिडेंटची पकड बसली. टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो लोकांसाठी उघडतो, म्हणून नागपूरचा बेत आखताना कॅलेंडर आधी उघडावं आणि नकाशा नंतर. त्या लढाईनंतर पाच-सहा वर्षांनी एक म्हातारा इंग्रज अधिकारी हैदराबादकडून नागपूरला यायला निघाला. सर्वेक्षणाचा मुक्काम त्याला आता इथे हलवायचा होता. तो पोहोचला नाही. नागपूरच्या अलीकडे हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी त्याने प्राण सोडला. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. झिरो माइलचा दगड ज्या कामातून आला, ते त्याने सुरू केलेलं. त्याची कबर पाहायला मी हिंगणघाटला निघालो.

हिंगणघाट हे काही पर्यटनस्थळ नाही. प्रवासाच्या अ‍ॅपांवर ‘पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ म्हणून ते येत नाही. अशा गावांना जाताना तयारी घरीच करावी. गुगल मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा वायफायवर उतरवून ठेवला, की रेंज गेली तरी ठिपका चालत राहतो. कारण ठिकाण उपग्रह सांगतात आणि इंटरनेट फक्त चित्र पुरवतं. सोबत ‘ऑरगॅनिक मॅप्स’ ठेवलं. ते ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर. गल्लीबोळ, पाऊलवाटा, विहिरी अशा गोष्टी त्यात कधी कधी जास्त सापडतात. तिसरी गोष्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरची. १७६७ साली स्थापन झालेल्या या खात्याचे नकाशे एकेकाळी सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २०१७ मध्ये खात्याला अडीचशे वर्षं झाली तेव्हा पन्नास हजारास एक या प्रमाणातले बरेचसे नकाशे लोकांना उतरवून घेता येऊ लागले. तसा नकाशा फोनवर उघडला, की नाले, टेकड्या, समोच्च रेषा सगळं समोर येतं.

नागपूर ते हिंगणघाट रस्त्याने जायचं तर बुटीबोरी, जाम असा राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता. मी रेल्वे पसंत केली. अनारक्षित तिकीट रेल्वेच्या ‘रेलवन’वर काढलं, रांग टळली. बुटीबोरी मागे पडलं, सिंदी आलं आणि डब्यात शेजारच्या काकांनी विचारलं, “सेवाग्राम किती दूर हाये जी?” मी ‘व्हेअर इज माय ट्रेन’ उघडून दाखवलं. गाडी कुठे आहे हे या अ‍ॅपला इंटरनेट नसतानाही कळतं. फोन ज्या मोबाइल टॉवरच्या हद्दीत आहे, त्यावरून ते अंदाज बांधतं. काकांनी पडद्यावर सरकणारी गाडी पाहिली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “बराबर सांगून राहिलं हे.”

दूरवरच्या उंच खुणेवरून आपली जागा ओळखायची, ही युक्ती मात्र मोबाइलहून फार जुनी आहे. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली. शंभर फुटांची पोलादी साखळी, उन्हाने ती लांबू नये म्हणून वर तंबू, जवळ तापमापक, आणि साखळी पुन्हा पुन्हा उचलून पुढे ठेवायची. एवढ्याला सत्तावन्न दिवस लागले. पुढचं काम कोनांचं. मोजलेल्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरची टेकडी किंवा देवळाचं शिखर पाहायचं, कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. असे त्रिकोण जोडत तो कन्याकुमारीपासून वऱ्हाडापर्यंत आला. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी तो जहाजासकट पकडून मॉरिशसला नेला होता, पण उपकरण विज्ञानाच्या कामाचं आहे हे कळल्यावर सन्मानाने परत पाठवला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र आदळलं. लॅम्बटन तंबूत बसून राहिला आणि कित्येक आठवडे खपून त्याने ते स्वतः सरळ केलं.

या सगळ्याची किंमत इतरांनीही मोजली. झेंडे घेऊन डोंगरमाथ्यावर दिवसचे दिवस उभे राहणारे मदतनीस, झाडं तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे मजूर, यंत्राच्या पेट्या वाहणारे हमाल. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात हिवतापाने लॅम्बटनच्या माणसांचे तांडेच्या तांडे आडवे केले. अधिकाऱ्यांची नावं कागदावर राहिली, यांची फारशी राहिली नाहीत.

हिंगणघाट वणा नदीच्या काठचं गाव. कापसाचं. इथला ‘बनी’ कापूस एकेकाळी धाग्यासाठी नावाजलेला होता. १८७० च्या दशकात रेल्वे आली, पाठोपाठ गिरण्या आल्या. स्टेशनबाहेर आजही शेतमालाच्या गाड्या आणि सरकी-ढेपेचा वास असतो. फोनवर ठिपका व्यवस्थित, रस्ते व्यवस्थित. पण शेवटच्या अर्ध्या मैलात नकाशापेक्षा चहाची टपरी कामाला येते, हा माझा नेहमीचा अनुभव. टपरीवाल्या काकांना विचारलं, “काका, लॅम्बटन साहेबाची कबर कुठे आहे?” ते म्हणाले, “साहेबाचं नाव नाई मालूम बा आपल्याले. इंग्रजाची कबर म्हनतेत, थे हाये.” आणि हाताने दिशा दाखवत, एक वळण, एक पिंपळ, एक दुकान असं सांगत त्यांनी मला तिथवर पोहोचवलं. त्यांच्या सांगण्यात अंतर नव्हतं, खुणा होत्या. लॅम्बटनलाही खुणाच लागत होत्या.

कबर साधी आहे. मोठेपण सांगणारा डामडौल नाही. मी तिथे उभा राहून अ‍ॅपमध्ये पाहिलं. अक्षांश साधारण २०.५, रेखांश ७८.८. लॅम्बटनने ज्या रेखांशाच्या कडेने त्रिकोण रचत आणले तो ७८ वा. ज्या रेषेवर माणसाने आयुष्याची वीस वर्षं घातली, तिच्यापासून एका अंशाच्या आत तो पुरला गेला. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. मग राधानाथ सिकदारांच्या गणितातून जगातलं सर्वोच्च शिखर निघालं आणि १८६५ साली त्याला एव्हरेस्टचं नाव मिळालं. ज्याने पाया घातला त्याच्या कबरीचं गाव मात्र कोणत्याही सहलीच्या यादीत नाही.

लॅम्बटनची हुशारी आकाश वाचण्यात होती. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या विरुद्धच्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात इंग्रजांची एक तुकडी कूच करत होती. लॅम्बटनने ताऱ्यांकडे पाहून सेनापती बेअर्डला सांगितलं, की आपण दक्षिणेऐवजी उत्तरेला, थेट शत्रूच्या छावणीकडे चाललो आहोत. काजव्याच्या उजेडात होकायंत्र पाहून खात्री केली आणि फौज वळवली, असा किस्सा आहे. त्या रात्रीचं आकाश बघायचं असेल तर ‘स्टेलेरियम’ नावाचं अ‍ॅप घ्यावं. ते तारीख मागे नेऊ देतं. हव्या त्या वर्षाची, हव्या त्या गावाची रात्र समोर उभी करतं. मुलांना घेऊन प्रवासाला निघालेल्यांसाठी याहून चांगली करमणूक नाही.

आपला फोन मात्र कोन मोजत नाही, वेळ मोजतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत किती उशिरा आले, यावरून तो अंतर काढतो. चार उपग्रह दिसले की जागा ठरते. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तर ठिपका तीनशे मीटर हलेल. म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात, आणि सापेक्षतेच्या नियमामुळे ती रोज जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सुमारे अडतीस मायक्रोसेकंद पुढे जातात, तीही दुरुस्ती करावी लागते. लॅम्बटन-एव्हरेस्टच्या मोजमापातून पृथ्वीचा जो आकार निघाला, त्यावर भारताचे जुने नकाशे आखलेले होते. त्या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या उपग्रहवाल्यांच्या पृथ्वीपेक्षा साडेआठशे मीटरांहून अधिक लहान आहे. म्हणून जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनमध्ये भरले, तर विदर्भात ठिपका शंभर मीटरांहून जास्त सरकतो. जुना किल्ला किंवा पडकी समाधी शोधायला निघालेल्या भटक्यांनी हे डोक्यात ठेवावं. तिथे काही सापडलं नाही तर लगेच ‘पाडलं’ म्हणू नये, आजूबाजूला फिरून पाहावं.

दोनशे वर्षांपूर्वी साखळी ओढणाऱ्या माणसांना जी गोष्ट मिळवायला जीव द्यावा लागला, ती आपल्याला बसल्या जागी मिळते. फुकट मिळालेल्या वस्तूचं मोल आपण करत नाही. पण नकाशा एकदा बनून संपत नाही. नवं दुकान, वळवलेला रस्ता, बुजलेली विहीर, बंद पडलेला पाणवठा, हे उपग्रहाला कळत नाही. ते तिथे उभ्या असलेल्या माणसालाच कळतं. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अ‍ॅप त्यासाठीच आहे. आपण जिथे उभे आहोत तिथल्या नकाशातली उणीव ते प्रश्नाच्या रूपात विचारतं: या रस्त्याला पदपथ आहे का, या दुकानाची वेळ काय, हा पूल पायी ओलांडता येतो का. आपण उत्तर दिलं की ते ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रवाशाला उपयोगी पडतं.

हिंगणघाटला गाडीची वाट पाहताना मी असे बरेच प्रश्न सोडवले. पाण्याचा नळ कुठे, टपरी कुठे, कोणता रस्ता कच्चा. त्या कबरीकडे जायच्या वळणावर काय आहे तेही लिहिलं. प्रवासात अ‍ॅप वापरणं म्हणजे घेणं आणि देणं दोन्ही असावं, असं मला वाटतं. कुणीतरी आपल्यासाठी वाट मोजून ठेवली आहे. आपण दोन पावलांची भर घातली तर पुढच्याला ती सोपी होईल. शिवाय हिंगणघाटसारख्या गावांना ‘पाहण्यासारखी ठिकाणं’ हा शिक्का मिळण्याची वाट बघत बसण्याचं कारण नाही. नकाशावर नीट खूण झाली, की माणसं आपोआप येतात.