राजापेठची नाली, संगणकातली नाली

राजापेठच्या रेल्वेखालच्या भुयारी मार्गात पावसाचं पाणी साचतं, हे अमरावतीकरांना सांगायला नको. पाऊस थांबल्यावर ते किती वेळात उतरतं, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. माझ्या डिजिटल ट्विनच्या कामाला हवी असते ती नेमकी हीच.

डिजिटल ट्विन म्हणजे अशा जागेची संगणकातली जुळी प्रत. उतार, पाइपचा व्यास, पंपाची ताकद तिच्यात भरायची आणि पावसाचे, पातळीचे आकडे सतत देत राहायचे. नागपूर मेट्रोनं बांधकामासाठी फाइव्ह-डी बिम हे संगणकातलं प्रतिरूप वापरलं, ते याच घराण्यातलं. पण मेट्रोचा खांब आखल्या जागी उभा राहतो. नाली रोज बदलते. नव्या काँक्रीट पाइपचा खडबडीतपणा आम्ही गणितात ०.०१३ धरतो. गाळ बसला की तो आकडा कागदावरच राहतो.

समजा, प्रत म्हणते पाणी वीस मिनिटांत उतरेल आणि तासाभरानंतरही ते तिथंच आहे. हा फरकच खरा कामाचा. पंपावरचा माणूस त्याचं कारण न मोजता सांगतो, "सायेब, जाळीवर पन्न्या बसल्या, मोटर काय करन?" जाळी साफ केली तर मोठा पंप घ्यावा लागत नाही, वीज वाचते, पैसाही. शाश्वत बांधणी मला इथून सुरू होताना दिसते.

पाणी कधी साचेल याचा अंदाज एआयकडून घ्यायचा म्हणाल तर त्याला वऱ्हाडची काळी माती आधी शिकवावी लागेल. जूनमध्ये मोकळ्या प्लॉटांवर भेगा असतात, पहिला पाऊस त्या पिऊन टाकतात. ऑगस्टपर्यंत माती फुगून भेगा मिटतात आणि तेवढाच पाऊस सरळ रस्त्यावर येतो. शिवाय ढगफुटीसारखा पाऊस क्वचितच होतो, त्यामुळे शिकायला उदाहरणं थोडी. म्हणून निव्वळ एआयवर माझा भरवसा नाही. पाण्याच्या गणिताची जोड हवीच. त्यासाठी एसडब्ल्यूएमएम हे १९७१ पासूनचं अमेरिकी सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

पातळी मोजणारे महागडे सेन्सर येतील तेव्हा येतील. तोवर भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवता येते. राजापेठच्या दुकानदारांना एवढीच विनंती: पाणी साचलं की फोटो काढा, उतरल्यावर पुन्हा काढा, आणि दोन्ही वेळा लिहून ठेवा.